आजीच्या प्रतीला हयातीचा दाखला कोण देणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘मी २७ वर्षांची आहे. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं. आता सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. घर पूर्व भागात, घरात आम्ही तेलुगू बोलतो. आजी आमच्यासोबतच असते. तिने आयुष्यभर विड्या वळल्या. तिच्या आठवणी यंत्रात भरून तिची बोलणारी प्रत तयार केली जाते, अशी साडेपाच हजार शब्दांची विज्ञानकथा मी लिहिली. दोन ठिकाणांहून ती परत आली. एका संपादकांनी लिहिलं, “हा लेख झाला, कथा नाही. तत्त्वज्ञान कमी करा.” इंजिनिअर मित्र म्हणतो, विज्ञान कच्चं आहे. आता तत्त्वज्ञान काढून टाकू, की कथा सोडून सरळ लेखच लिहू? विज्ञान न शिकलेल्या माणसाने या वाटेला जावं का? सोलापुरात असलं काही घडेल हे कोणाला पटणार नाही, म्हणून नव्या खर्ड्यात मी सगळं बंगळुरूच्या प्रयोगशाळेत नेलंय. आणि मुख्य म्हणजे, ती प्रत म्हणजे आजीच का, याचं उत्तर मलाच सापडलेलं नाही. उत्तर नसताना लिहायचं कसं?’

(पत्रासोबत कथेचा सारांशही आला होता. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

नमस्कार,

संपादकांच्या शेऱ्यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं मला पटत नाही. तुमच्या सारांशानुसार मधली सात पानं नात आणि यंत्र बनवणारा डॉक्टर गच्चीवर बसून बोलतात. आठवणी म्हणजेच माणूस का, देह गेला तर काय उरतं, बौद्ध भिक्षू नागसेन काय म्हणाला, इंग्रज तत्त्वज्ञ लॉक काय म्हणाला. या सात पानांत कोणाचं काही जात नाही आणि कोणाला काही ठरवावं लागत नाही. कथा तिथे थांबते, हे संपादकांना दिसलं. तत्त्वज्ञानही तिथेच थांबलंय, हे मात्र त्यांनी लिहिलं नाही. दोन माणसं आधीच ठरलेली मतं एकमेकांना ऐकवतात आणि सात पानांनंतर एकही नवा प्रश्न हाती लागत नाही. ती पानं जरूर काढा. त्याने कथेतला विचार कमी होईल अशी भीती बाळगू नका. उलट त्याला वाढायला जागा होईल.

विचार ही एक वस्तू, कथा ही दुसरी, आणि दोन्हींचं प्रमाण जमलं की काम झालं, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमचे सगळे प्रश्न या समजुतीतून आलेत, म्हणून आधी तीच तपासू.

तत्त्वज्ञ स्वतः शतकानुशतकं गोष्टी रचत आले आहेत. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला विचारतो, ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे चाकं का, आस का, दांडी का? यातलं एकेक म्हणजे रथ नव्हे, मग रथ आहे कुठे? जॉन लॉकने १६९४ साली राजपुत्राच्या आठवणी चांभाराच्या देहात घातल्या आणि विचारलं, आता हा माणूस कोण? डेरेक पारफिटने १९८४ साली एक यंत्र कल्पिलं. माणसाच्या कणाकणाची नोंद घ्यायची, इथला देह नष्ट करायचा आणि मंगळावर हुबेहूब दुसरा उभा करायचा. मग त्याने त्यात एक फरक केला: मंगळावर नवा माणूस उभा राहिला, पण इथला नष्ट झालाच नाही. आता खरा कोणता? ‘तो मीच का’ हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका महत्त्वाचा नाही. आठवणी, स्वभाव, इच्छा यांचं सातत्य महत्त्वाचं आहे, असं पारफिट शेवटी म्हणतो.

आता या गोष्टींतून काय वगळलंय ते बघा. चांभाराच्या दुकानाची उधारी कोण देणार, हे नाही. मंगळावरच्या माणसाचा पगार कोणाच्या खात्यात जाणार, हे नाही. तत्त्वज्ञ हे मुद्दाम वगळतो, कारण त्याला एकच धागा तपासायचा असतो आणि बाकीचं त्याच्या आड येतं. त्याच्या कामासाठी ते योग्यच आहे.

कथेचं काम इथून पुढे सुरू होतं. वगळलेलं सगळं परत आणायचं: उधारी, खातं, रेशनकार्ड, शेजारीण, दवाखान्याचं बिल, दोन भावांचं भांडण. आणि हे परत आलं की मूळ प्रश्न जसाच्या तसा राहत नाही. ‘प्रत म्हणजे आजी का?’ या प्रश्नाचं ‘कोणासमोर, कशासाठी आणि कोणी म्हटल्यावर ती आजी?’ असं रूप होतं. हा दुसरा प्रश्न लेखात लिहिता येतो, पण जाणवून देता येत नाही. म्हणून लेखाचा पर्याय मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. तो टाकून मात्र देऊ नका, त्याचा उपयोग पुढे सांगते आहे.

आपल्याकडे ही रीत फार जुनी आहे. वेताळाच्या गोष्टी आठवा. एका बाईच्या नवऱ्याने आणि भावाने देवीपुढे आपापली शिरं उतरवली. देवी प्रसन्न झाली, पण बाईने घाईत शिरं जोडताना अदलाबदल केली. आता तिचा नवरा कोणता? विक्रम म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं शिर आहे तो, कारण सगळ्या अवयवांत शिर श्रेष्ठ. आजच्या भाषेत सांगायचं तर मेंदू जिथे, माणूस तिथे. पण या गोष्टीतली मोठी करामत शिरांच्या अदलाबदलीत नाही, बाहेरच्या चौकटीत आहे. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार; बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाणार आणि सगळी पायपीट नव्याने. दोन्हीकडे किंमत आहे. विज्ञानकथेतला तात्त्विक प्रश्न नेमका असा मांडायचा असतो: पात्राला बोलावं तर लागेल, आणि काहीही बोललं तरी काहीतरी गमवावं लागेल. तुमच्या गच्चीवरच्या डॉक्टरला काहीच गमवावं लागत नाही.

आता तुमची आजी. सारांशात तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात की आजीला विडी कामगार म्हणून पेन्शन मिळते आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझ्या मते तुमची कथा त्या ओळीत आहे.

माणूस जिवंत आहे हे सरकार कसं ठरवतं, याकडे जरा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थिनीच्या नजरेने बघा. २०१४ पासून हा दाखला डिजिटल पद्धतीनेही देता येतो. आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे. पण ज्या बाईने जन्मभर तेंदूपत्ता आणि तंबाखू हाताळला तिच्या बोटांचे ठसे पुष्कळदा झिजलेले असतात आणि मशीन ते घेत नाही. जिने हात झिजवून पेन्शन मिळवली तिलाच त्या हातांनी स्वतःचं असणं सिद्ध करता येत नाही. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. त्यात समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, हे कळण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. एका व्यवस्थेने जिवंतपणाची ही व्याख्या केली आहे: उघडझाप. यात तुमची प्रत आणून ठेवा. पडद्यावरची आजी डोळ्यांची उघडझाप करते, नाव सांगते, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते. खरी आजी दवाखान्यात बेशुद्ध आहे. दाखल्याची मुदत संपत आलीय. विडी कामगारांना लागू असलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, आणि काका म्हणतो, पडद्यावरून दाखला देऊन टाक. पैसे आजीच्याच औषधाला जाणार आहेत.

आता नातीला बोलावंच लागेल. प्रत म्हणजे आजीच, असं मानलं तर दाखला देणं खोटं ठरत नाही. पण मग दवाखान्यातल्या खाटेवर कोण आहे? ती आजी नव्हे, असं मानलं तर रोज रात्री जिच्याशी ती तासभर बोलते आणि जिला ‘आजी’ म्हणते, ते काय चाललंय? पारफिटचं यंत्र, दोघीही एकाच वेळी असण्याचा तो प्रसंग, सगळा इथे आलाय आणि त्याचं नावही घ्यावं लागलेलं नाही. मंगळाचीही गरज पडली नाही.

विज्ञानाबद्दल. पदवी लागत नाही, पण एक पान लागतं. कोरा कागद घेऊन यंत्राचे नियम लिहा: ते काय करू शकतं, काय करू शकत नाही, त्याला काय पुरवावं लागतं, त्याचा खर्च कोण देतं, ते कोणाच्या मालकीचं आहे, बिघडलं तर कसं बिघडतं आणि बंद करण्याचा अधिकार कोणाला. सात प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर दोन ओळींत. यातलं निम्मं कथेत कधीच येणार नाही. पण शेवटाजवळ अडचण आली म्हणून यंत्राला नवी शक्ती द्यायचा मोह होतो, तो हे पान आवरतं. नवशिक्या विज्ञानकथा सर्वांत जास्त तिथेच ढासळतात. वाचकाने नियम मान्य करून प्रश्न मनात घोळवलेला असतो आणि लेखक ऐन वेळी नियम बदलतो. मग तो प्रश्नच रद्द होतो.

कल्पित गोष्ट एकच ठेवा. आजच्या जगात नसलेलं एक यंत्र आणि बाकी सगळं जसं आहे तसं. तुमच्या सारांशात प्रत आहे, शिवाय स्वप्नं वाचणारं हेल्मेट आहे आणि शेवटी दुसऱ्या ग्रहावरून संदेशही येतो. तीन बदल एकदम केले की कोणत्या बदलामुळे काय झालं हे वाचकाला कळत नाही. हेल्मेट आणि संदेश दोन्ही पुढच्या कथांसाठी राखून ठेवा.

इंजिनिअर मित्राचा आक्षेप मात्र कामाचा आहे, फक्त तो दुसऱ्या टोकाने घ्या. ‘आजीच्या सगळ्या आठवणी यंत्रात भरल्या’ हे वाक्य कच्चं आहे, कारण आठवणी एका प्रकारच्या नसतात. १९५३ साली हेन्री मोलायसन या रुग्णाच्या मेंदूवर अपस्माराच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण आपण हे पूर्वी कधी केलंय हे त्याला आठवत नसे. म्हणजे सांगता येणारी आठवण आणि हातात बसलेलं कसब यांची मेंदूतली व्यवस्था वेगवेगळी आहे. तुमच्या कथेत यंत्राला आजीच्या मुलाखती पुरवल्या आहेत. त्यात आजीने सांगितलेलं सगळं येईल: लग्न, गिरणी बंद पडल्यावरचे दिवस, मजुरीवरून झालेली भांडणं. पान भिजवून किती वेळ ठेवायचं, हेही येईल. पण पान साच्यावर धरून कात्री फिरवताना अंगठा किती दाबायचा, हे येणार नाही, कारण ते तिने कधी शब्दांत सांगितलेलंच नाही. हजारावर मजुरी घेणारी बाई बोलता बोलता, मालिका बघता बघता विड्या वळते. हात आपले चालू असतात. या प्रतीला हात नाहीत. मग तिच्यात आजीचा कोणता भाग आला आणि कोणता राहिला? विज्ञान पक्कं केल्याबरोबर तत्त्वज्ञानाचा नवा प्रश्न मिळाला, हे लक्षात घ्या. म्हणून तपशील तपासण्याचं काम कंटाळवाणं समजून टाळू नका. कथेचं खाद्य तिथेच असतं.

तसंच भाषेचं. तुम्ही लिहिलंय की मुलाखत घेणारी मंडळी मराठीत प्रश्न विचारतात. म्हणजे प्रत मराठीतच बोलेल. आजी घरात तेलुगू बोलते, देवापुढे तेलुगू बोलते, रागावते तेलुगूत. दवाखान्यात अर्धवट शुद्धीत ती जे पुटपुटेल ते तेलुगूत असेल, आणि तिचीच प्रत ते ऐकून म्हणेल, ‘मला कळलं नाही.’ हा प्रसंग तुमच्याकडे आयता आहे. बंगळुरूच्या प्रयोगशाळेतल्या आजीकडे तो नाही.

तर सोलापूर. इथे विज्ञानकथा खरी वाटणार नाही, ही समजूत सोडाच, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्ड मागावर विणली गेली त्याचं तत्त्व बघा: पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची, भोक असेल तिथे तार उचलली जाते, नसेल तिथे नाही. जॅकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास हे यंत्र बसवलं. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डं घ्यायचं ठरवलं, आणि १८४३ साली एडा लव्हलेसने त्यावरच्या टिपणांत लिहिलं की जॅकार्डचा माग फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या आकृत्या विणेल. त्याच टिपणांत तिने असंही म्हटलं की यंत्र स्वतःहून नवं काही उपजवत नाही, आपण सांगू तेवढंच करतं. १९५० साली अ‍ॅलन ट्युरिंगने ‘यंत्र विचार करू शकेल का’ या प्रश्नावरच्या आपल्या निबंधात तिचा हा आक्षेप नाव घेऊन खोडायचा प्रयत्न केला. म्हणजे ‘यंत्राला स्वतःचं काही असतं का’ हा वाद ज्या यंत्राचा दाखला देऊन सुरू झाला, ते यंत्र तुमच्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या खडखडत आलंय. तुम्ही स्वतः टॉवेल कारखान्यात बसता. डिझाइन कोणाचं, कारागिराचं की मशीनचं, यावरून तिथे खरोखर वाद होत असतील. त्याच कानाने ऐका.

आता शेवट. उत्तर सापडलेलं नाही म्हणून तुम्ही अडलात. लेखाला निष्कर्ष लागतो, कथेला निर्णय लागतो, आणि या दोन गोष्टी एक नाहीत. नात दाखला देते किंवा देत नाही, हे कथेत घडलंच पाहिजे. ते हवेत सोडलं तर वाचक चिडेल, आणि त्याचं चिडणं बरोबर असेल. पण तिचा निर्णय योग्य होता का, हे खुलं राहू द्या. तुम्हाला स्वतःला उत्तर माहीत नाही हे इथे सोयीचंच आहे, कारण काका आणि नात दोघांचीही बाजू तुम्ही मनापासून लिहाल. ज्याला उत्तर ठाऊक असतं तो काकाला लोभी करून टाकतो. तुमच्या खर्ड्यात डॉक्टर शेवटी दुष्ट निघतो, त्यामागेही हेच आहे. तो दुष्ट निघाल्यावर वाचकाला विचार करायचं कारण उरत नाही. वाईट माणसाने वाईट यंत्र केलं, संपलं. डॉक्टर भला असू द्या. यंत्र चांगलं चालू द्या. तरीही प्रश्न उरला, तर तो खरा प्रश्न.

‘हे सगळं स्वप्न होतं’ असा पर्यायी शेवट तुम्ही सुचवलाय, तो नको. त्याने सगळ्या निर्णयांची किंमत शून्य होते. योगवासिष्ठातली लवण राजाची गोष्ट बघा. जादूगार मोरपिसांचा कुंचा फिरवतो, राजा सिंहासनावर थोडा वेळ निश्चल बसतो, आणि तेवढ्यात चांडाळाच्या वस्तीत अख्खा जन्म काढतो: लग्न, मुलं, दुष्काळ, शेवटी अग्निप्रवेश. जागा होतो तर दरबार तसाच. इथे गोष्ट संपली असती तर ती साधी चमत्काराची गोष्ट झाली असती. पण राजा विंध्याच्या रानात जातो आणि त्याला ती वस्ती सापडते. गेलेल्यांसाठी रडणारी म्हातारी सापडते, तीच त्या जन्मातली सासू. भास म्हणून झटकून टाकता येत नाही आणि खरं म्हणून स्वीकारताही येत नाही. आभासी जगाच्या कथा लिहू पाहणाऱ्या सगळ्यांनी हा सांधा अभ्यासावा. भास संपल्यावर त्याची एक तरी खूण जगात शिल्लक राहिली पाहिजे.

पुनर्लेखन असं करा. सगळ्यात आधी तो लेख लिहाच, चारशे ते पाचशे शब्दांत, फक्त स्वतःसाठी. प्रत म्हणजे आजी, याच्या बाजूने तुमचे तीन सर्वांत भक्कम मुद्दे आणि विरोधातले तीन. मग प्रत्येक मुद्द्यासमोर लिहा: हा कोणाच्या कृतीतून दिसेल? ‘आठवणींचं सातत्य’ या मुद्द्यासमोर कदाचित येईल: प्रत नातीला लहानपणीच्या एका चोरीची आठवण करून देते, जी फक्त आजीला ठाऊक होती. ‘देहाचं महत्त्व’ यासमोर: नात दवाखान्यात आजीचा हात हातात घेते आणि बोटं सवयीने दोरा गुंडाळल्यासारखी हलतात. ज्या मुद्द्याला कृती सापडत नाही तो या कथेचा नाही. तो लेखात राहू द्या. सहापैकी चार मुद्दे टिकले तरी भरपूर आहेत.

लांबी साडेतीन हजार शब्दांवर आणा. पहिल्या तीनशे शब्दांत प्रत वापरात दिसली पाहिजे. ती कशी बनली याचा इतिहास नको. नात स्वयंपाकघरात पडद्यावरच्या आजीला शेंगाचटणीत लसूण किती घालू म्हणून विचारतेय, एवढं पुरे. हजाराव्या शब्दाच्या आसपास पहिली अनपेक्षित गोष्ट घडू द्या, तेलुगूचा प्रसंग तिथे बसेल. दाखल्याची मागणी मध्याच्या जरा पुढे. निर्णयासाठी आणि त्याच्या परिणामासाठी शेवटचे आठशे शब्द राखून ठेवा. बहुतेक खर्डे इथेच कमी पडतात. सगळी जागा यंत्राच्या वर्णनात गेलेली असते आणि परिणाम दोन ओळींत उरकतो.

खर्डा झाला की लाल पेनाने अस्तित्व, चेतना, आत्मभान, स्मृती, अस्मिता, वास्तव अशा शब्दांखाली रेघ ओढा. संवादात यातला एकही शब्द नको. निवेदनात दोन-तीन चालतील. माणसं अडचणीत असताना ‘अस्तित्व’ म्हणत नाहीत. ‘ती आपली आजी नाहीये’ म्हणतात, आणि त्यात सगळं येतं. तत्त्वज्ञांची नावंही काढा. नात तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी असेल तर एखादं नाव एकदा येईल, तेही काका अर्ध्यावर तोडतो अशा ठिकाणी.

मग तिघांना वाचायला द्या: एक विज्ञानातला माणूस, एक नेहमी कथा वाचणारा आणि एक जण जो दोन्ही नाही. ‘आवडली का’ विचारू नका. विचारा, ‘नातीच्या जागी तुम्ही काय केलं असतं, आणि का?’ तिघांनी एकच उत्तर दिलं तर तुमचा काटा एका बाजूला झुकलाय; दुसऱ्या बाजूचं एखादं पात्र किंवा कारण अशक्त आहे, ते बळकट करा. उत्तरं वेगळी आली, पण कारणं मोघम असली, तर यंत्राचे नियम वाचकापर्यंत पोचलेले नाहीत. आणि कोणी उत्तर देता देता स्वतःच्या घरातल्या माणसाबद्दल बोलायला लागलं, तर त्या पानांना पुन्हा हात लावू नका.

या निमित्ताने इतर वाचकांसाठी एक गोष्ट. विषय सुचत नाही अशी पत्रं बरीच येतात. एक हमखास वाट आहे: तत्त्वज्ञ मनातल्या मनात जे ‘समजा असं झालं तर’ रचतात, त्या विचारप्रयोगातली अट शब्दशः खरी करायची. तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ साली म्हटलं की न्याय्य नियम ठरवायचे तर समाजात आपण कोण असू हे माहीत नाही अशा अवस्थेत बसून ठरवावेत. आता समजा, उजनी धरणाचं पाणी कोणत्या पेठेला कधी सोडायचं हे ठरवणाऱ्या इंजिनिअरच्या मनातून, ते काम चालू असेपर्यंत, स्वतःचा पत्ता खरोखर पुसला जातो. तो अत्यंत न्याय्य वेळापत्रक बनवतो. मग पत्ता आठवतो आणि तो घरी जातो, तर आईने चार दिवस पाणी भरलेलं नाही, कारण तिची पाळी रात्री दोनला आहे आणि ती जिना उतरू शकत नाही. चावीवाल्याला हे ठाऊक होतं; इंजिनिअरला ठाऊक असू नये अशीच रचना होती. रॉल्सवर घेतलेले काही गंभीर आक्षेप या एका प्रसंगात आहेत. रॉबर्ट नोझिकचं १९७४ चं सुखाचे अनुभव देणारं यंत्र घ्या आणि ते कारखान्याच्या मालकाने कामगारांना दिवाळीचा बोनस म्हणून देऊ केलं असं धरा. बाकीची कथा तुम्हीच लिहाल.

कथा पाठवण्याबद्दल: दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं, तेव्हा दसऱ्याची वाट बघू नका. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा आणि पाठवल्याची तारीख लिहून ठेवा. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेवर लक्ष ठेवा. १९७४ साली याच स्पर्धेत जयंत नारळीकरांनी आपली कथा दुसऱ्याच नावाने पाठवली होती, आपल्या नावाचं वजन निकालावर पडू नये म्हणून. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ पदवी बाजूला ठेवून कथा कथा म्हणूनच तपासली जावी असं म्हणतो, तेव्हा तुमच्याकडे विज्ञानाची पदवी नाही, हा अडसर किती मोठा मानायचा ते तुम्हीच ठरवा.

एक काम मात्र पाठवण्याआधी करा. आजी घरात आहेत आणि कथेत त्यांचं आयुष्य आहे. पूर्ण कथा त्यांना तेलुगूत सांगा, शेवटासकट. दवाखान्याचा प्रसंगही लपवू नका. कारखान्याचं नाव, गल्ली, पेन्शनची कागदपत्रं यातलं ओळख पटेल असं काहीही छापील मजकुरात ठेवू नका. एखादा प्रसंग नको असं त्या म्हणाल्या तर तो काढा, किंवा वेगळं नाव आणि वेगळं घर असलेल्या बाईवर घाला. विड्या वळणारे हात सोलापुरात घरोघर आहेत. कथेला दुसरी आजी मिळेल.